वाळूला नमस्कार

आमच्या घरात कुस्ती सोडून दुसऱ्या कशालाही खेळ म्हणत नसत. क्रिकेट म्हणजे उन्हात उभं राहायची शिक्षा, बॅडमिंटन म्हणजे शेतातली पाखरं हाकलणं आणि कॅरम हा आजारी माणसाने अंथरुणात करायचा उद्योग, हे आबांचं मत होतं. आणि शाहूपुरीतल्या आमच्या घरात आबांच्या मताशेजारी दुसरं मत ठेवायला जागा नव्हती. आबा म्हणजे माझे वडील. गुळाचे अडते. तरुणपणी तालमीत घुमलेले, दोन्ही कान मोडलेले, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते शिंप्यालाही कळत नसे. असा माणूस पन्नाशीत गोल्फ खेळायला लागला याचा दोष आईने शेवटपर्यंत राजारामपुरीतल्या डॉक्टरांना दिला. डॉक्टर बिचारे एवढंच म्हणाले होते की रक्तदाब वाढलाय, रोज सकाळी चालत जा. आबा दोन-चार दिवस रंकाळ्यावर चालून आले आणि मग कट्ट्यावर बसून राहिले. "बिनकामाचं चालायचं म्हंजे काय? लोक इचारत्यात, आबा, कुठं निघालाय? काय सांगू त्यास्नी? कुठंच न्हाई म्हणून सांगू?"

यातून वाट काढली मेजर इंगवल्यांनी. मेजर फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावून बसले होते आणि त्यांचा गूळ आबांच्या अडतीवर यायचा. सौदा आटोपला की दोघं चहा पीत एकमेकांच्या खोड्या काढायचे. मेजर म्हणाले, "चला माझ्याबरोबर माळावर. चालणंही होईल आणि लोकांना सांगायला कामही राहील." गावाबाहेरच्या त्या माळावर साहेबांच्या वेळेपासून गोल्फचं मैदान होतं. मैदान म्हणायचं एवढंच. पावसाळ्यानंतर तिथे गवत असे, एरवी खडक, घाणेरीची झुडपं आणि चुकलेल्या म्हशी. भोक असतं त्या जागेला जगभर ग्रीन म्हणतात, पण आमच्याकडे तिथे हिरवं काहीच नव्हतं. वाळूत काळं तेल मिसळून रोलर फिरवलेलं एक गोल खळं होतं, आणि त्याला सगळे सरळ ब्राऊन म्हणत. या खरेपणाबद्दल मला त्या मैदानाचं कौतुक वाटतं. पुढे मी बऱ्याच इमारतींची नावं ऐकली, ज्यांत 'ग्रीन' होतं आणि झाड एक नव्हतं.

आबांचा पहिला फटका किती लांब गेला ते कुणालाच कळलं नाही, कारण चेंडू सापडला नाही. ताकद अमाप होती. पण गोल्फमध्ये ताकदीचा उपयोग वरातीत तलवारीचा असतो तेवढाच. चेंडू कधी म्हशीकडे जाई, कधी शेजारच्या मळ्यातल्या मोटेकडे, आणि उरलेल्या वेळी न चुकता बंकरात. बंकर म्हणजे ब्राऊनच्या अलीकडे मुद्दाम खणून ठेवलेला वाळूचा खड्डा. त्यात चेंडू पडला की आबा त्याच्यावर तुटून पडत. लाकूड फोडावं तशी काठी चालवत. वाळू उडे, मेजरांच्या चष्म्यावर बसे, आबांच्या तोंडात जाई आणि धुरळा खाली बसला की चेंडू आपला आणखी बोटभर आत रुतून बसलेला दिसे. एका रविवारी क्लबाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मेजर म्हणाले, "अडते, तुम्ही बंकरात संसारच थाटलाय. आता एक तुळशीवृंदावन तेवढं बांधून घ्या." सगळे हसले. आबाही हसले, पण मोडलेले कान लाल झाले. कान लाल झाले की पूर्वी समोरचा पैलवान आखाडा सोडून जात असे म्हणतात. आबांनी तिथल्या तिथे मेजरांना आव्हान दिलं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, एकास एक, सगळ्यांच्या देखत.

त्या सुमाराला माझंही एक आव्हान घरात चालू होतं आणि मी ते रोज हरत होते. मी इंटर सायन्सची परीक्षा देऊन बसले होते आणि मला आर्किटेक्ट व्हायचं होतं. ते शिक्षण तेव्हा कोल्हापुरात नव्हतं, पुण्याला जायला लागायचं. आबांचं म्हणणं, "घरं बांधायला गवंडी हाईत की." आई म्हणायची, पोरगी एकटी पुण्यात राहिली तर जेवायचं काय करेल. या दोन भिंतींवर मी महिनाभर डोकं आपटत होते. त्या रविवारी आबा घरी आले, एक जुनं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "सुमे, हे मेजरच्या घरात पडलंतं. ह्यात त्यो साहेब काय सांगालाय बघ. बंकरातनं चेंडू काढायचा कसा तेवढं हुडक." मी पुस्तक चाळलं. चेक्सची पँट घातलेला एक लठ्ठ साहेब पानोपानी काठी उगारून उभा होता आणि त्याच्याभोवती ठिपक्यांच्या रेषा, वर्तुळं, कोन. मला ते वाचता येत होतं, नुसतं इंग्रजी म्हणून नव्हे, तर भूमिती म्हणून. मी पुस्तक मिटलं. म्हणाले, "मी शिकवतो आबा. पण तुम्ही मेजरकाकांना हरवलासा तर मला पुण्याला धाडायचं." आबांनी माझ्याकडे तालमीत नवीन पोरगं आलं की बघतात तसं खालून वर बघितलं. मग म्हणाले, "ठरलं." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं. एक खुळा कमी हुता."

गोल्फची काठी मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच हातात घेतली. पण शिकवायला येणं आणि करता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हाच कळलं, आणि पुढे कॉलेजातल्या काही प्राध्यापकांकडे बघून त्याची खात्री पटली. मागच्या परसात गुळाच्या ढेपांचं जुनं बारदान दोरीवर टांगलं, त्यावर आबांनी चेंडू मारायचे. परसाची भिंत आईने नुकतीच चुन्याने रंगवून घेतली होती; त्यावर मी आबांच्या उंचीच्या मापाने कोळशाचं मोठं वर्तुळ काढलं, काठीचं टोक कुठून कसं फिरलं पाहिजे ते. आईने ते पाहिलं आणि त्या दिवशी आम्हा दोघांना आमटीत मीठ मिळालं नाही. साहेब म्हणत होता, डावा हात सरळ ठेवा, डोकं हलवू नका, मूठ सैल धरा. आबांची मूठ सैल होणं कठीण होतं. ज्या मुठीने माणसं उचलली ती एका लोखंडी सळीपुढे का सैल व्हावी, हा त्यांचा प्रश्न. शेवटी मी म्हणाले, "आबा, ढेप मऊ हाय का कडक, ते अंगठ्यानं दाबून बघतासा न्हवं? तेवढाच दाब." त्यांनी काठी तशी धरली आणि माझ्याकडे चमकून पाहिलं. पहिल्यांदाच काठी त्यांच्या हातात श्वास घेऊ लागली.

मग कंबर. साहेबाने कंबर फिरवण्यावर दोन पानं खर्ची घातली होती आणि ती मराठीत सांगताना माझी तारांबळ उडाली. घरातल्या पोरीने बापाला कंबर कशी फिरवायची ते दाखवायचं म्हणजे अवघडच. तेवढ्यात बापू वस्ताद आले. हे आबांचे तालमीतले गुरू, ऐंशीच्या घरातले. रोज सकाळी आमच्याकडे वाटीभर शिरा खायला आणि प्रत्येक गोष्टीत चूक काढायला येत. त्यांना मी चित्र दाखवलं. ते म्हणाले, "हे तर ढाक हाय. समोरच्याला कंबरंवर घेऊन फेकायचा डाव. साहेबानं आपलंच चोरलंय की." आबांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी चेंडूवर ढाक मारली. चेंडू बारदान फाडून शेजारच्या कुलकर्ण्यांच्या पत्र्यावर गेला, पण सरळ गेला. त्या दिवशी कुलकर्ण्यांखेरीज सगळे खूश होते.

बंकराचं काम मात्र खरं जिकिरीचं. मी सांगितलं, "साहेब म्हणतोय, बंकरात चेंडूला मारायचंच न्हाई. चेंडूच्या मागं दोन बोटं, तिथं वाळूत काठी घालायची आणि न थांबता पुढं काढायची. वाळू उडती, ती चेंडूला घेऊन जाती." आबा भडकले. "चेंडूला मारायचं न्हाई? मग एवढं लोखंड कशाला? सुपानं काढतो की मग." मी तीच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिले आणि रात्री जेवताना, हातात भाकरीचा तुकडा धरून, एकदम म्हणाले, "म्हंजे गड्याला धरायचा न्हाई. गडी ज्या मातीवर हुभा हाय, ती मातीच उचलायची." मी म्हणाले, अगदी तेच. "मग सरळ सांगायचं की. दोन दिस डोस्कं खाल्लंस."

परसात खड्डा खणून पंचगंगेची वाळू आणून टाकली. पण ती आणण्याचं काम आबांनी बापू वस्तादांवर सोपवलं, आणि इथे घोटाळा झाला. वस्तादांनी साठ वर्षं एकच खड्डा सांभाळला होता, तो म्हणजे तालमीतला कुस्तीचा हौदा. आणि हौद्यातली माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात तेल, ताक, हळद, कापूर, लिंबं घालून ती मळतात, पैलवानाच्या अंगाला लागावी आणि जखम चिघळू नये म्हणून. कोरडी वाळू बघून वस्तादांचा जीव कळवळला. त्यांनी आईकडून घागरभर ताक मागून घेतलं, गोडेतेलाचा डबा ओतला, हळद टाकली, आणि फावड्याने ती वाळू अशी मळली की तिचे लाडू वळता आले असते. "आता बघ," म्हणाले, "आता खेळायसारखी झाली." आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या वासाने त्यांना बरंच वाटलं. पंधरा दिवस ते त्या पिवळ्या चिखलात घाव घालत होते, आणि तो चिखल उचलायला लागणारा जोर त्यांच्या अंगात मुरला. मग माळावर गेले, खऱ्या कोरड्या बंकरात उतरले, तोच जोर लावला आणि चेंडू ब्राऊनवरून, झेंड्यावरून, झाडावरून थेट क्लबाच्या व्हरांड्यात मेजरांच्या चहाच्या टेबलाखाली. मेजर कप हातात धरून म्हणाले, "संसार मोडला वाटतं." परत आल्यावर मी हट्टाने सगळी वाळू बदलायला लावली. वस्ताद आठ दिवस शिऱ्याला आले नाहीत. मला मात्र अजूनही बांधकामावर वाळूचा ढीग दिसला की एकदम ताकाचा वास येतो.

कोरड्या वाळूत आबांचा हात बसला. काठी मागे सावकाश, मग वाळूत, मग पुढे, आणि चेंडू मऊ उडून बारदानापाशी पडायचा. ते बघायला शेजारच्या कुलकर्णीकाकू भांडण विसरून कुंपणापाशी येत. पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. पैलवान हौद्यात उतरताना वाकतो, मातीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो. आबांनी हे लहानपणापासून केलेलं. खड्डा दिसला, पाय आत पडला की त्यांची कंबर आपोआप वाके आणि हात वाळूला जाई. आणि पुस्तकाच्या शेवटी, नियमांच्या पानावर, साहेबाने स्वच्छ लिहिलं होतं की बंकरात फटका मारण्याआधी वाळूला काठी लावायची नाही, हात लावायचा नाही, म्हणजे ती सैल की घट्ट ते कुणी चाचपून बघणार नाही. लावला तर तो होल, म्हणजे त्या भोकापुरता डाव, समोरच्याचा. मी आबांना हे सांगितलं तेव्हा ते खरोखर दुखावले. "मातीला नमस्कार केला म्हणून हरायचं? कसली गं ही माणसं?" मी म्हणाले, माणसं कसलीही असोत, नियम तो नियम. मग मी त्यांना दोन्ही हातांत काठी घट्ट धरून उतरायला लावलं. ते काठी काखेत मारून नमस्कार करायचे. शेवटी आईने उपाय केला. एके सकाळी तिने खड्ड्याच्या काठाच्या वाळूत हिरव्या मिरचीचा खरडा पसरून ठेवला. आबा उतरले, वाकले, हात लावला, कपाळाला लावला. उन्हाचे दिवस, कपाळाला घाम, आणि तो घाम डोळ्यांत उतरला. आबा विहिरीपाशी बादलीत डोकं घालून ओरडत होते आणि आई शांतपणे तांदूळ निवडत म्हणाली, "आता ऱ्हाईल ध्यानात." त्यानंतर त्यांनी परसात पुन्हा कधी वाळूला हात लावला नाही.

सामन्याच्या दिवशी आबांची पिशवी मी उचलली. मुलीने काठ्यांची पिशवी वाहायची यावर क्लबात कुजबुज झाली, पण आबांच्या कानांकडे बघून ती लगेच थांबली. बापू वस्तादही राग सोडून आले होते, डोक्याला फेटा बांधून, आणि प्रत्येक फटक्यानंतर, चांगला असो वाईट असो, "वा रं पठ्ठ्या" म्हणत होते. त्यामुळे मेजर दोनदा वैतागले. खेळ अटीतटीचा झाला. आबा ढेप दाबल्यासारखी मूठ धरून, ढाक मारल्यासारखी कंबर फिरवून खेळत होते आणि मेजरांची थट्टा हळूहळू बंद होत गेली. शेवटच्या होलला आलो तेव्हा दोघं बरोबरीत. मेजरांचा फटका चुकला आणि चेंडू घाणेरीच्या जाळीत गेला. आबांचा चेंडू ब्राऊनच्या अलीकडच्या बंकरात. मेजर शिव्या घालत जाळीत शिरले, बघणारे सगळे त्यांच्या मागोमाग चेंडू शोधायला गेले, वस्तादसुद्धा. बंकरापाशी राहिलो आम्ही दोघं. तो चेंडू बाहेर आला की मी पुण्यात, असं मला अगदी दिसत होतं. टी-स्क्वेअर, ड्रॉइंग बोर्ड, खिडकीतलं झाड, सगळं.

आबा उतरले, वाकले. हात वाळूला गेला आणि हात कपाळाला गेला. इतक्या सहज, की त्यांच्या हातालाही ते कळलं नसेल. मग ते उभे राहिले, मूठ सैल केली, काठी सावकाश मागे नेली. तसा फटका मी नंतर कधी पाहिला नाही. वाळूचा एक पातळ पापुद्रा उचलला गेला, त्याच्यावर बसून चेंडू वर आला, ब्राऊनवर अलगद टेकला आणि घरंगळत भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. लहान मुलानेसुद्धा तिथून तो भोकात ढकलला असता. आबांनी मांडीवर थाप मारली. माझ्याकडे वळले तर तोंडभर हसू, आणि कपाळावर, घामात चिकटलेली, वाळू. माझ्या खांद्यावर त्यांचा टॉवेल होता. तो मी पुढे करायच्या आत आबांनीच कपाळावरून हात फिरवला, बोटांना कण लागले ते पाहिले, आणि हसू थांबलं.

"हे कवा लागलं?"

"उतरताना."

"फटक्याच्या आधी?"

कुणी पाहिलेलं नव्हतं. मी 'नंतर' म्हणाले असते तर आबांनी विश्वास ठेवला असता, कारण त्यांना स्वतःला खरोखरच आठवत नव्हतं. मला रडू येत होतं. पण त्यांना नियम शिकवणारी मीच होते. "आधी," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली आणि जाळीकडे बघून आरोळी ठोकली, "मेजर, हुडकू नका. होल तुमचा. माझा हात लागला वाळूला." मेजर बाहेर आले, अंगभर काटे, आणि काय झालं ते ऐकून भलतेच चिडले. "नमस्कार केलात ना? वाळू तपासली नाहीत ना? मग कसला दंड? माझा चेंडूच मिळत नाही. होल तुमचा." "न्हाई, तुमचा." "अहो, तुमचा." "मेजर, गप घ्या म्हणतोय न्हवं." आवाज इतके चढले की क्लबाच्या आचाऱ्याला मारामारी झाली असं वाटून तो लाटणं घेऊन पळत आला. दोन माणसं हरण्यासाठी एकमेकांच्या अंगावर जाताना मी कोल्हापूरबाहेर कुठे पाहिली नाहीत. शेवटी मेजरांनी होल घेतला, पण उपकार केल्यासारखा, आणि दुपारी आबांनी त्यांना मटण खाऊ घालायचं या अटीवर. मेजर आमच्या घरी पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवत होते, आणि मी वाढत होते. जिंकलेल्या माणसाला वाढण्याइतकं जड काम दुसरं नाही. रात्री आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा मात्र मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू वस्ताद शिऱ्याला आले, तर आबा आंघोळ करून, पाट मांडून तयार. ताटात नारळ, भरजरी फेटा. आबांच्या तालमीत रीत होती की कुस्ती निकाली झाली की पैलवानाने दुसऱ्या दिवशी वस्तादाला नारळ-फेटा द्यायचा. वस्ताद सवयीने पाटावर जाऊन बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मान पुढे केली. आबा म्हणाले, "वस्ताद, जरा बाजूला बसा. आज तुमचा न्हाई." आणि मला हाक मारली. मी म्हणाले, "पण तुम्ही हरलासा की आबा." आबांनी फेटा माझ्या डोक्यावर ठेवला, तो नाकापर्यंत खाली आला, त्यामुळे पुढचं मला नुसतं ऐकू आलं. "पडला तर पैलवान पडतो, सुमे. वस्तादाचा मान चुकत न्हाई. हात तुझ्यामुळं न्हवता लागला, आणि चेंडू तुझ्यामुळं निघाला. आता वस्तादाला काय पायजे ते वस्तादानं मागायचं." फेट्याच्या आतून मी पुणं मागितलं. आई म्हणाली, "जेवायचं काय करणार हाईस ते आधी सांग." बापू वस्ताद टोपी घालत म्हणाले, "पोरगीला वाळूत ताक मळायला शिकवा, न्हाई तर घरं टिकायची न्हाईत."

जूनमध्ये एसटी स्टँडवर सगळे आले होते. आईने भाकऱ्या, खरडा, भडंग असं इतकं बांधून दिलं होतं की कंडक्टरने विचारलं, लग्नाला निघालाय काय. मेजरांनी ते साहेबाचं पुस्तक मला देऊन टाकलं. मी खिडकीत बसले. आबा खाली उभे होते. गाडी सुरू झाली. तेव्हा ते वाकले, खिडकीखालच्या मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला, हौद्यातून बाहेर पडतानाही पैलवान लावतो तसा. डोळे भरून आले होते आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"आबा, हात लागला. होल गेला."

आबांनी कपाळावरची माती पुसली नाही. "जाऊ दे की," म्हणाले.